हाजींच्या घरचे सहा ठिपके

पोलादपूरच्या रावजी परटाला कामाचा कंटाळा कधीच नव्हता. सावित्रीच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभा राहून तो कापडं आपटायला लागला की सकाळची दुपार कधी झाली ते त्याला कळायचं नाही. कंटाळा होता तो लोकांच्या मागल्या दाराचा. परटानं कपडे न्यायला यायचं ते परसातून. शेणींच्या ढिगाजवळ उभं राहून "परीट आलाय वो!" अशी हाक मारायची आणि आतल्या बायांना सवड होईपर्यंत कोंबड्या बघत बसायचं. धुतलेले कपडे द्यायला पुन्हा तेच दार, आणि सुगी झाली की वर्षाचं भात मागायला पुन्हा तेच. "तुझ्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं," असं त्याची आई साळूबाई त्याला समजवायची. पण आईनं समजवावं आणि मुलानं समजावं, असं फार थोड्या घरांत होतं.

रावजीला दुकान हवं होतं. पुढं रस्ता, मागं भट्टी, मध्ये एक लाकडी फळी आणि फळीच्या पलीकडं गिऱ्हाईक. लोकांनी आपापली कापडं बगलेत मारून रावजीच्या दाराशी यावं आणि "रावजी, कधी मिळतील?" असं विचारावं, एवढीच त्याची हौस. एकदा त्यानं ती करूनही पाहिली. महाबळेश्वरचा रस्ता जिथं फुटतो तिथं चार बांबू रोवून, वर झापं टाकून तो कोळशाची इस्त्री घेऊन बसला. गाव बघून गेलं, हसून गेलं, पण कापड काही कुणी आणलं नाही. आठव्या दिवशी गावच्या जाणत्यांनी त्याला बोलावून विचारलं, "रावजी, तू हितं बसल्याव आमच्या घरी कोन येनार रे?" ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही, पण ते पोलादपुरात देण्यासारखं नव्हतं. रावजीनं बांबू उपटले, झापं भट्टीत घातली आणि तो पुन्हा परसदारी जाऊन उभा राहिला.

त्याची बायको ठकूबाई ह्या सगळ्यावर चकार शब्द बोलली नाही. ती एरवी बोलायला कमी होती असं मात्र कुणी समजू नये. कामावर असली की तिचा तोंडाचा पट्टा चालू असायचा, आणि त्यातलं बरंचसं नवऱ्याच्या चुकांविषयी असायचं. रावजी हातानं वाघ, पण डोक्यानं जरा वाऱ्यावरचा. भट्टीत कापडं टाकून तो दुकानाचे मनोरे बांधायचा आणि खालचा जाळ विझून जायचा. मग ठकू पलीकडून ओरडायची, "अवो, भट्टी थंड पडली हाय! का डोल्यांनी उकलताव कापडं?" रावजी निमूटपणे लाकडं सारायचा. बायको ओरडते म्हणून आपला धंदा सुरळीत चाललाय, हे कुठल्या नवऱ्याला आजवर वेळेवर कळलंय?

परटाच्या धंद्यात धुण्यापेक्षा ओळखणं अवघड. चाळीस घरांची धोतरं एका भट्टीत उकळली की पाटलाचं कुठलं नि सोनाराचं कुठलं हे सांगायला खूणच लागते. ती खूण बिब्ब्याची. डोंगरातला पिकला बिब्बा सुईनं टोचायचा, काळा रस टोकावर घ्यायचा आणि कापडाच्या कोपऱ्यात ठिपके द्यायचे. कुणाचा एक, कुणाचे दोन, कुणाचे तीन. कापड फाटेल, पण ठिपका जाणार नाही. मात्र बिब्बा हे भलतं तापट फळ. कच्चा रस अंगाला लागला की उततो, फोड येतात, आग होते आणि खाजवता खाजवता माणूस रडकुंडीला येतो. म्हणून ओल्या ठिपक्यावर लगेच चुन्याचं बोट फिरवायचं, म्हणजे त्याची रग जिरते. रावजीच्या घरात खूण तो करायचा आणि चुना ठकू लावायची. दहा वर्षं त्यानं ठिपका दिला की शेजारून तिचं बोट यायचंच. त्याला मान वळवून बघावं लागायचं नाही.

छप्पन सालच्या मे महिन्यात महाडचा युसुफ एका लग्नासाठी पोलादपुरात आला. युसुफ शिंपी होता. महाडच्या बाजारात त्याच्या बापाचं मशीन होतं, पण हा पाच-सहा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडं बहरीनला गेला होता आणि तिथं त्याचं बरं चाललं होतं. लग्नघरातून त्याचे दोन पांढरे सदरे रावजीकडं धुवायला आले. ते परत मिळाले तेव्हा युसुफ ते हातात धरून बराच वेळ बघत राहिला आणि मग सरळ नदीवर गेला.

"रावजी, ही खळ कशाची रे?"

"तांदलाची. पेज गालून घेतो, दुसरं काय?"

"तिकडं ये," युसुफ म्हणाला. "तिकडचे सगले लोक पायापर्यंत पांढरे झगे घालतात. मालक काय नि हमाल काय, सगले पांढरे. आणि इस्त्री अशी करतात की जसा झगा उशाखाली घेऊन झोपला होता. तुला दुकान करून देनारा मानूस हाय माझ्याकडं."

दुकान हा शब्द ऐकून रावजीच्या हातातलं धोतर पाण्यातून वाहत चाललं. ते पुढं जाऊन ठकूनं पकडलं.

गावाला बातमी कळली तेव्हा कुणी म्हणालं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय. कुणी म्हणालं, परटाचं कुत्रं, ना घरचं ना घाटाचं. रावजीनं गावचं काम धाकट्या भावाच्या, सदूच्या, हवाली केलं, आईची समजूत घातली आणि पावसाळा संपता संपता तो निघाला. दासगावच्या बंदरावरून लाँचनं बाणकोट, तिथून आगबोटीनं मुंबई आणि मुंबईहून मोठ्या बोटीच्या उघड्या डेकवर आठ-नऊ दिवस. ठकू दासगावपर्यंत आली होती. तिनं एका फडक्यात बिब्बे बांधून दिले, खोबऱ्याच्या वाट्या दिल्या, नाचणीचं पीठ दिलं आणि वर चुन्याची डबी ठेवली. रावजीनं ती काढून तिच्या हातात परत दिली.

"चुना काय गो, जगात कुठंबी गावल. उगाच ओझं."

ठकूनं डबी कमरेला खोचली. "आनि मला कवा नेनार?" एवढंच तिनं विचारलं. रावजी म्हणाला, "दुकान उभं ऱ्हायलं की." लाँच सुटली तरी ती पाण्याच्या कडेला उभी होती, आणि रावजीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच बायकोकडं बघून रडू आलं.

युसुफनं सांगितलेला माणूस म्हणजे हाजी जासिम. एके काळी मोत्यांचा व्यापारी. मोती घेऊन तो वर्षातले चार महिने मुंबईला येऊन राहायचा, त्यामुळं त्याला मुंबईची हिंदी अस्खलित यायची आणि कुणी चूक केली तर मुंबईच्या शिव्याही यायच्या. पुढं मोत्यांचा धंदा बसला, पण म्हाताऱ्यानं वेळेवर गोदामं बांधून ठेवली होती. त्या देशाचा कायदा असा की तिथल्या एखाद्या वजनदार माणसानं हमी घेतली तरच परक्याला राहता यायचं. युसुफची हमी हाजींनी घेतली होती, रावजीचीही त्यांनीच घेतली. बाजाराच्या मागल्या गल्लीत त्यांच्या गोदामाची पुढची खोली रावजीला मिळाली. पुढं रस्ता होता, मागं अंगण होतं. रावजीनं पहिल्या दिवशी सुताराकडून एक फळी आणली, दारात आडवी टाकली आणि तिच्या आतल्या बाजूला जाऊन नुसता उभा राहिला.

पण दुकान असणं वेगळं आणि चालणं वेगळं. पहिल्याच आठवड्यात पाण्यानं त्याला रडवलं. विहिरीचं पाणी मचूळ, साबणाला फेसच यायचा नाही. कापड धुवावं तर वाळून पापडासारखं कडक व्हायचं आणि वर पांढरी पूड. सावित्रीच्या पाण्याची त्याला इतकी आठवण आली की एकदा त्यानं त्या पाण्यालाच शिवी हासडली. शेवटी बेटावर हिंडत हिंडत त्यानं खजुरांच्या बागांमधला एक गोड्या पाण्याचा झरा शोधून काढला. तांबडं फुटायच्या आत गाढवावर गाठोडी लादून तिकडं जायचं, धुवायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, असा त्यानं क्रम लावला.

गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते त्यानं आपल्या डोक्यानं काढलं. हाजींचा एक जुना झगा मागून आणला, धुतला, तांदळाच्या खळीतून काढला आणि इस्त्री करून फळीवर उभा केला. तो झगा आपापला उभा राहिला! आत माणूस नाही, काठी नाही, आणि तरी छाती काढून ताठ. गल्लीतून जाणारे लोक थांबायला लागले. कुणी बोटानं ढकलून बघायचा, कुणी आत डोकावून बघायचा. चौथ्या दिवशी पहिला माणूस बगलेत कापडं मारून आला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. रावजीला एक शब्द कळला नाही, पण तो "कधी मिळतील?" असंच विचारतोय ह्याबद्दल त्याला कसलीही शंका नव्हती.

दोन वर्षांत दुकान असं चाललं की रावजीला मान वर करायला फुरसत मिळेना. लोक पुढल्या दारानं यायचे, फळीला टेकून उभे राहायचे, आधी कोण आला ह्यावरून आपसांत हुज्जत घालायचे. रावजी ती हुज्जत डोळे मिटून, गाणं ऐकावं तशी ऐकायचा. जेवण युसुफच्या खोलीत. दोघं मिळून तांदळाच्या भाकऱ्या थापायचे आणि युसुफच्या आमटीला रोज नावं ठेवायचे. सुख होतं. फक्त पोलादपूरहून पत्र आलं की ते कमी पडायचं. ठकूला लिहिता येत नसे. ती शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घ्यायची, आणि पत्रातली ठकू फार शुद्ध बोलायची. "येथील सर्व मंडळी खुशाल आहेत." रावजी ते पुन्हा पुन्हा वाचायचा आणि त्यात कुठं ओरडलेलं सापडतंय का ते बघायचा.

अखेर त्यानं हाजींपाशी विषय काढला. बायकोला आणायचं तर तिचीही हमी हाजींनीच घ्यायला हवी होती. अर्ज युसुफनं एका कारकुनाकडून लिहून आणला. हाजींनी तो वाचला, पेटीत ठेवला आणि म्हणाले, "अभी रमजान है. ईद होने दे, फिर ठप्पा मार के देता हूँ." रावजीनं त्या दिवशी गाढवालासुद्धा गूळ चारला.

ईदच्या आदल्या दिवशी हाजींच्या घरून सहा कोरे झगे आले. एक हाजींचा, पाच त्यांच्या पाच मुलांचे. शिवले होते युसुफनं, एकाच ताग्यातून, त्यामुळं सहाही दिसायला सारखे. धुवायचे नव्हते, नुसती इस्त्री. गेल्या ईदला अशीच गडबड झाली होती आणि चौथ्याचा आखूड झगा तिसऱ्याला गेला होता. बाह्या कोपरापर्यंत वर गेलेला तो मुलगा दिवसभर ईदच्या भेटींना फिरला आणि हाजी रावजीला नुसतं "क्यों रे?" म्हणाले होते. यंदा ते व्हायला नको म्हणून रावजीनं बिब्बा काढला. आजवर इथं तो झग्याच्या खालच्या काठाला खूण करायचा आणि मग कापड उकळायला टाकायचा. चुना काही त्यानं शोधला नव्हता. गवंड्याला विचारलं असतं तर ओंजळभर मिळाला असता, पण उद्या बघू, उद्या बघू करत दोन वर्षं गेली होती, आणि भट्टीत बिब्ब्याची रग जात होती म्हणून काही बिघडलंही नव्हतं. ह्या सहा झग्यांना मात्र भट्टी नव्हती. शिवाय घडी घातल्यावर चटकन दिसावी म्हणून खूण त्यानं कॉलरीच्या आत, बरोबर मानेवर केली. हाजींना मान म्हणून एक ठिपका, थोरल्याला दोन, असं करत धाकट्याला सहा. वरून गरम इस्त्री फिरवली, घड्या घातल्या आणि स्वतःवर खूश होऊन तो झोपला.

ईदच्या तिसऱ्या दिवशी तो मिठाई घेऊन हाजींच्या घरी मुबारक करायला गेला. बैठकीत सगळे होते, पण कुणी सरळ बसलेलं नव्हतं. थोरला खांद्यानं मान घासत होता. मधला भिंतीला पाठ घासत होता. धाकटा, सतरा वर्षांचा, मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या मानेवर टपोरे फोड आले होते. रावजीनं सवयीनं मोजले. सहा.

त्याची नजर थोरल्याच्या मानेवर गेली. दोन. दुसऱ्याच्या, तीन. हाजी पाणी प्यायला वाकले तेव्हा तिथं एकच, पण चांगला बोराएवढा. घरातलं कुणी कीडा म्हणत होतं, कुणी घाम म्हणत होतं, कुणी नजर म्हणत होतं. फोडांनी घरातला मोठा-धाकटा क्रम अचूक पाळलाय, हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. रावजीनं मिठाई ठेवली आणि तो घाईघाईनं उठला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. हाजींच्या पेटीत ठकूचा कागद ठप्प्याची वाट बघत पडून होता.

कुणी ओळखलं नाही, ओळखणारही नाही, असं तो वाटभर स्वतःला सांगत होता. ह्या बेटावर बिब्बा कुणी बघितलाय? आठवड्यात फोड जातील. कागदावर ठप्पा बसेल. ठकू येईल. तो दुकानाशी पोचला तर फळीवर युसुफ बसला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"कापडात कायतरी हाय म्हनतात," युसुफ म्हणाला. "हाजींच्या थोरल्यानं निरोप धाडलाय. सहाचे सहा माझ्याच ताग्यातले, नि नवं कापड घातलं त्याच दिवसापासनं आग. दुपारी बोलावलंय. रावजी, मी काय खोटं कापड वापरतो का रे? आठ वर्षं झाली मला हितं."

रावजी फळीपाशीच थांबला. त्यानं युसुफकडं बघितलं. पोलादपूरच्या नदीवर येऊन ह्याच माणसानं त्याला दुकान हा शब्द दिला होता. आणि ठकू? ठकू आली असती तर सहा महिन्यांत तिला सगळं कळलं असतं. तिच्यापासून डाग लपत नसत. युसुफच्या पोटावर पाय देऊन उभ्या केलेल्या त्या घरात ती एक दिवस राहिली नसती, ह्याची रावजीला खात्री होती. तो आत गेला, दोन उरलेले बिब्बे कनवटीला लावले, खोबऱ्याच्या वाट्या आणि तेलाची बाटली घेतली आणि म्हणाला, "चल युसुफभाय. मी येतो संगती."

बैठकीत थोरला युसुफवर तोंड टाकणार एवढ्यात रावजी पुढं झाला. त्यानं बिब्बे हाजींच्या समोर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. हिंदी मोडकी, त्यात भीतीनं अर्धी मराठी घुसलेली, पण त्यानं काही राखून ठेवलं नाही. रस, सुई, कॉलर, इस्त्री. "युसुफभाय का कपडा एकदम साफ है. गलती मेरी है." युसुफ शेजारून हळूच पुटपुटला, "अरे, चांगल्या कामात बिब्बा घालतात म्हनतात, ते तू खरंच केलंस!"

थोरला ओरडला की ह्याला पहिल्या बोटीत बसवा. हाजींनी त्याला हातानं गप्प केलं. पाची मुलांना त्यांनी ओळीनं पाठमोरं बसवलं आणि एकेकाची कॉलर खाली ओढून ते मोजू लागले. दोन. तीन. चार. पाच. सहा. मग स्वतःच्या मानेवर बोट ठेवून म्हणाले, "एक." कुणी हसलं नाही. हसावं की काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं.

"दवा?" हाजींनी विचारलं.

"हाय. है," रावजी म्हणाला.

चार दिवस रावजी सकाळ-संध्याकाळ हाजींच्या घरी जात होता. खोबरं बारीक वाटायचं, खोबरेल तेलात कालवायचं आणि सहाही मानांवर हलक्या हातानं लेप द्यायचा. थोरला तोंड फिरवून बसायचा. कागदाचं नाव हाजींनी काढलं नाही, आणि रावजीची विचारायची छाती झाली नाही. एकदा पेटी उघडी दिसली तेव्हा त्यात कागद आहे की नाही हे बघायचंही त्याला धैर्य झालं नाही. गिऱ्हाईकं फळीशी हुज्जत घालत होती, पण त्याला आता ती ऐकूच येत नव्हती. दुकान उभं राहिलं होतं आणि आतला माणूस गेल्यासारखा झाला होता.

पाचव्या दिवशी फोड सुकले. रावजी वाटी उचलून निघाला तेव्हा हाजींनी त्याला खाली बसवलं.

"तेरे मुलुक में भी यही निशान लगाता था?"

"जी."

"उधर किसी को फोड नहीं आया?"

"नहीं जी. उधर ऊपर से चूना लगाते."

"चूना कौन लगाता था?"

"घरवाली," रावजी म्हणाला.

हाजींनी एकदा त्याच्याकडं बघितलं, मग आपल्या पाच मुलांच्या मानांकडं बघितलं आणि ते जे हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता त्यांनी पेटी ओढली आणि कागद काढला. "दो साल से मैं समझता था मैंने धोबी रखा है," ते म्हणाले. "आधा ही आया है! जा, बाकी आधा मँगा ले. नहीं तो अगली ईद में तू मेरा पूरा खानदान जला देगा." आणि त्यांनी ठप्पा असा जोरानं मारला की पेल्यातलं पाणी हललं. थोरलासुद्धा हसला. रावजी काही हसला नाही. तो कागद दोन्ही हातांनी धरून तिथंच ढसाढसा रडला, आणि त्याची त्याला आजन्म लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी तो गवंड्याकडं जाऊन ओंजळभर चुना घेऊन आला.

कागद मुंबईला गेला, तिथून पोलादपूरला, पुन्हा मुंबईला. ठकूला बोटीत बसवायला सदू गेला. डिसेंबरच्या एका सकाळी मोठी बोट समुद्रात लांब उभी राहिली आणि माणसं होड्यांतून धक्क्यावर यायला लागली. युसुफ आणि रावजी दोघं आले होते. रावजीच्या काखेत एक गाठोडं होतं, आणि त्यात काय आहे ते त्यानं युसुफलाही सांगितलं नव्हतं.

आमच्या मुलुखात लग्नात नवरानवरी चालत येतात तेव्हा त्यांच्या पायांखाली कापड अंथरतात. त्याला पायघड्या म्हणतात, आणि त्या घालायचा मान परटाचा. पोलादपुरातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या मुली रावजीच्या आणि त्याच्या बापाच्या हातच्या पायघड्यांवरून चालत गेल्या होत्या. ठकू तेवढी चालली नव्हती. तिच्या लग्नात गावचा परीट स्वतःच बाशिंग बांधून उभा होता त्याचा बाप तापानं पडून होता आणि सदू लहान होता. अंथरणार कोण? कुणाच्या लक्षातही आलं नाही. रावजीच्या आलं होतं, पण नवरदेवानं तोंड कसं उघडायचं?

होडी धक्क्याला लागली. ठकू उतरली. बोटीनं तिला पार पिळून काढली होती, डोळे खोल गेले होते, लुगडं चुरगळलं होतं. तिनं मान वर केली तर समोर रावजी वाकून दगडी धक्क्यावर पांढरंशुभ्र कापड अंथरत होता. एक धोतर संपलं, दुसरं. हमाल बाजूला झाले. कुणीतरी काहीतरी विचारलं आणि युसुफनं त्याला गप्प बसवलं.

ठकू कडेलाच थांबली.

"अवो, कुनाची कापडं ही?" तिनं घाबरून विचारलं.

"आपली."

"आपली?"

"कोरी हायत. तुझ्यासाठी घेतली. धुऊन आनली." रावजीनं कापडाची सुरकुती हातानं सारखी केली. "ये."

ठकूनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती खाली बसली, धोतराचा काठ दोन बोटांत धरून उन्हात नीट बघितला आणि मान हलवली.

"नीळ जास्ती झाली हाय," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून तिनं पाय टाकला.